सुईचं वजन पाच ग्रॅम

हॅनोव्हर
रविवार, दुपार

ती. अण्णा आणि आई,


आई, आधी महत्त्वाचं. प्रसादला साखर झालेली नाही. ओवी फोनवर तुला म्हणाली ना, "बाबाने नवी सुई आणली, रोज वजन करतो, आज बरोब्बर पाच ग्रॅम आलं," ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईबद्दल होतं. तू पुढचं ऐकून न घेता फोन ठेवलास, बेबीआत्याला लावलास, आत्याने सोलापूरच्या काकूंना लावला, आणि सकाळी मी उठते तो काकूंचा कारल्याच्या रसाचा व्हिडिओ. दादाने तर "कुणाला बोलू नकोस, पण इन्सुलिन इकडून पाठवू का?" असं विचारलं. हे सगळं कळल्यावर प्रसादने शांतपणे तुझ्या पार्सलमधला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. त्याला काहीही झालेलं नाही.

तर पार्सल पोचलं आणि एकही रेकॉर्ड फुटलेली नाही. प्रत्येक तबकडी इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली बघून मी हात जोडले. आई, ती जांभळी इरकल फाडायला तू कशी तयार झालीस? माझ्या लग्नात मागितली तर "अजून चार वर्षं नेसेन" म्हणाली होतीस. मधल्या फटींत चिवडा भरायची कल्पना कुणाची ते मी विचारत नाही, कारण वहिनी असलं काही करणार नाही आणि तू रेकॉर्डना हात लावत नाहीस. पिशवी फुटली होती. हिराबाईंच्या कव्हरमधून मोहरी आणि डाळं निघालं, ते ओवीने खाल्लं. अण्णा, तुमची चिठ्ठी मात्र वेळेवर सापडली. "लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते" ही ओळ वाचली तेव्हा प्रसाद बाटलीचं बूच उघडून बसला होता.

पार्सल घरी आलं नाही, आणायला मला जावं लागलं. त्याचं कारण तुमच्या वळणदार अक्षरात किमतीच्या रकान्यात होतं: प्राइसलेस. इथला नियम असा की घरच्यांनी परदेशातून पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतची असेल तर कर नाही, वरची असेल तर आहे. प्राइसलेस म्हणजे ४५ च्या वर की खाली, हे ठरवायला मला बोलावणं आलं. काउंटरवरचे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले. आत काय आहे? मी म्हटलं, गाणी. किंमत? वडील म्हणतात, सांगता येत नाही. ते म्हणाले, आकडा हवा. मग मी किशोरीताईंची भूप-बागेश्रीची एल.पी. काढली आणि कव्हरच्या मागे तुम्ही लिहिलेलं दाखवलं: लक्ष्मी मार्केट, रु. ४२, पगाराचा दिवस. त्यांनी रुपयाचा भाव बघितला. अर्ध्या युरोच्या आतच भरलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं, तेवढंच. मग आम्ही दोघं एकेक कव्हर उलटं करून बेरीज करत बसलो. अण्णा, तुमचा जन्मभराचा संग्रह ४५ युरोत बसला आणि वर जागा उरली. वाईट वाटून घेऊ नका, कर वाचला.

शेवटी एका लेबलवरचा कुत्रा बघून ते गृहस्थ पहिल्यांदा हसले. म्हणाले, हा आमच्याकडेही असायचा. त्यांची मावशी पॉडबील्स्की रस्त्यावरच्या रेकॉर्डच्या कारखान्यात कामाला होती. त्या रस्त्याला इथले लोक लाडाने पॉडबी म्हणतात आणि माझी ट्राम रोज तिथूनच जाते. तिथं कारखाना होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा, पुढचं तुमच्यासाठी. आई, तू हवं तर दूध बघून ये. चपटी तबकडी आणि ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर या गावचा, जन्म १८५१. शोध लावला अमेरिकेत, पेटंट १८८७ चं, पण १८९८ मध्ये भावाला बरोबर घेऊन कारखाना काढला तो इथं. तेच डॉइचे ग्रामोफोन. १९०२ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या गैसबर्गसाहेबांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं घेतलं, ते ठसे बोटीने इथं आले, इथं त्यांच्या तबकड्या दाबल्या आणि बोटीनेच परत कलकत्त्याला विकायला गेल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघेपर्यंत असंच चाललं. गाणं संपलं की बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या ना? तुम्ही आम्हाला ते ऐकवून हसायचात. ते म्हणे इथल्या कामगारांसाठी होतं, कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं ते त्यांना कळावं म्हणून. म्हणजे बघा, लाख आपल्या जंगलातली, गळा आपला, नुसती दाबायची यांनी. आणि शंभर वर्षांनी तीच वस्तू मिरजेहून आली तर किंमत विचारायची आपल्याला.

याच गावाला लागून लांगेनहागेन आहे, आमचं विमान उतरतं ते. तिथं १९८२ मध्ये बाजारात जाणाऱ्या पहिल्या सीडी निघाल्या. तबकडीला ज्यांनी वाढवलं तेच तिच्या मुळावर उठले. यावरून आठवलं, वरच्या दोन खोल्यांचं काय झालं? भाडेकरू "दिवाळीनंतर बघू" म्हणाले ती दिवाळी कुठल्या सालची, तेवढं वकिलांना लिहून घ्यायला सांगा.

(कुकर लावून आले. इथं शिट्ट्या मोजायच्या त्या दोनच, त्याचं कारण पुढे येतंय.)

आता प्लेअरचं. आई, तू म्हणालीस, "गाणी मोबाइलवर येतात, मग हा खर्च कशाला?" याचं उत्तर तुझ्याच नवऱ्याने खोक्यात भरून पाठवलं, मी काय करू? प्रसादने नेहमीप्रमाणे तक्ता केला. मिक्सर घेताना ज्याने आवाजाचा वेगळा रकाना केला तो माणूस इथं मागे राहणार होता थोडाच!

ओवीला ती गुलाबी सूटकेस हवी होती. झाकण उघडलं की गाणं, साठ-सत्तर युरो. तिच्यावर ७८ लिहिलेलंही होतं म्हणून मीही हरखले. प्रसाद म्हणाला, वेग ७८ चा आहे, सुई एल.पी.चीच आहे. लाखेच्या तबकडीची खाच एल.पी.च्या दुपटीहून रुंद असते, तिच्यात बारीक सुई सोडली की ती तळाशी जाऊन साठलेली धूळ वाचत बसते. शिवाय असल्या पेटीतला हात रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमने दाबतो, एल.पी.ला दोनच पुरेत. स्पीकरही त्याच पेटीत, त्याचे हादरे सुईला. मी म्हटलं, आमच्या जुन्या फिएस्टा प्लेअरचं बरंचसं असंच होतं आणि आमचं अख्खं लहानपण त्याच्यावर वाजलं. "तेच तर, त्या रेकॉर्ड ऐकून कळतंय," असं तो बोलला. अण्णा, हे तुम्हाला मी भांडण लावायला सांगत नाहीये. माहिती म्हणून सांगते.

मग गेलो मोठ्या दुकानात. तिथं रेगा प्लॅनर वन लावून दाखवलं. इंग्रजांचं यंत्र, दिसायला देखणं, एक बटण फालतू नाही. इतकं साधं की ३३ वरून ४५ वर जायचं तर फिरती थाळी उचलून ठेवायची आणि खालचा पट्टा बोटाने दुसऱ्या खोबणीत सरकवायचा. आवाज मात्र असा स्वच्छ की प्रसादचे डोळे मिटले. ७८ नाहीच, त्यासाठी त्यांचं यंत्रच वेगळं. दुकानदार म्हणाला, ७८ हवंय कुणाला? मी म्हटलं, आमच्या गावात अब्दुल करीम खाँ राहायचे. दर्ग्याच्या उरुसात चिंचेखाली रात्रभर बसवून तुम्ही आम्हाला गाणं ऐकवलंत, दादा तुमच्या मांडीवर झोपायचा आणि सकाळी सगळ्यांना "मी जागाच होतो" सांगायचा, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझं जर्मन तेवढं पुरत नाही. दुकानदाराला उत्तर पटलं नाही. मला पटलं होतं.

त्यानंतर टेक्निक्स १२००. डिस्कोवाले हाताने मागेपुढे फिरवतात ते. मोटर थेट थाळीखाली, पट्टा वगैरे नाही, तिन्ही वेग, आणि किंमत हजार युरोच्या घरात. आई, गुणाकार करू नकोस. केलास. आम्हीही केला आणि तिथून निघालो.

शनिवारी इथं लाइने नदीच्या काठाने जुना बाजार भरतो. तिथं ड्युअल १२१९ दिसलं, ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेओर्गेनचं. ३३, ४५, ७८, तिन्ही आहेत, आणि रेकॉर्ड संपली की हात आपला आपण उचलून जागेवर जाऊन बसतो. प्रसाद त्याच्यापुढे उकिडवा बसला तो उठेना. पण पन्नास वर्षांचं यंत्र, आतलं ग्रीस वाळून घट्ट होतं, सगळं उघडून साफ करावं लागतं. दुरुस्तीवाल्याने नुसतं उघडून बघायचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी त्याला परत विचारलं. त्याने तोच आकडा सावकाश उच्चारला. साफसफाई वेगळी, सुटे भाग वेगळे, आणि चालेल याची हमी नाही. तेवढ्या पैशात आपल्या सतारमेकर गल्लीत वर्षभर तंबोऱ्याची जवारी काढून मिळेल, वर दर वेळी चहा आणि कुणाचा मुलगा कुठे लागला याची बातमी. इथं बातमी नाही. पावती मिळते.

शेवटी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२० घेतलं. थेट मोटर, तिन्ही वेग, किंमत टेक्निक्सच्या तिसऱ्या हिश्श्यात. सुईतून येतो तो आवाज अगदीच किरकोळ, शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचा आवाज चढवलेला असतो. ते सगळं परत सरळ करणारा फोनो नावाचा भाग लागतो, तो याच्या पोटातच आहे, वेगळा डबा घ्यावा लागला नाही. प्रसादच्या तक्त्यात हे तिसरं आलं होतं. पण त्या तक्त्यात अण्णांचा रकाना नव्हता, तो मी घातला.

आणि मग सुई. एल.पी.ची बरोबर येते, ७८ ची वेगळी. पुढचं टोक ओढून काढायचं, दुसरं बसवायचं, मागचं वजन फिरवून दोनाचे पाच ग्रॅम करायचे, ते छोट्या काट्यावर मोजायचं. ओवीचं "वजन" ते हे. या सुईला सत्तरच्या वर युरो पडले, म्हणजे सात-आठ हजार रुपये. मी दुकानात सांगितलं, आमच्या आजोबांकडे चावीच्या ग्रामोफोनला सुया डबीने यायच्या, एक बाजू वाजली की सुई फेकून द्यायचे. काही फरक पडला नाही. टोकाला हिरा असतो म्हणे, डोळ्यांना दिसत नाही. आई, लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पहिला हिरा आला तो नवऱ्याने रेकॉर्डसाठी आणलेला. बेबीआत्याला हे जरूर कळव. कारल्याच्या जागी हे पसरू दे.

आत्याचा गुडघा कसा आहे? वॉकर "म्हाताऱ्यांचा" म्हणून घेत नाही हे ऐकलं. तिच्या पिंट्याला सांग, वॉकर तिच्यासाठी आणलाय असं म्हणूच नकोस, घरात नुसता ठेव आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घाल. टॉवेल काढायला म्हणून धरेल.

तर यंत्र आलं, आता वाजवा, असं तुम्ही म्हणाल. आज रविवार आहे. रविवारी इथं भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण फुटल्याचा आवाज होतो. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आमच्या इमारतीच्या नियमपत्रकात दुपारी एक ते तीनही शांतता. गाणं लावायला बंदी नाही, पण त्याचा आवाज आपल्या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. आई, तू वाड्याच्या मागच्या दारातून हाक मारलीस की दादा मारुतीच्या देवळातून "आलो" म्हणायचा. तुला हे पत्रक वाचून दाखवायची माझी फार इच्छा आहे.

आता अडचण बघा. घराची जमीन लाकडी. ओवी पळत गेली की सुई उडी मारते आणि गाणं दोन ओळी पुढे जातं. उपाय एकच, भिंतीवर फळी ठोकायची आणि यंत्र तिच्यावर ठेवायचं. त्यासाठी ड्रिल हवं. रविवारी नाही. रोज आम्ही घरी येऊन जेवणखाण आवरेपर्यंत आठ वाजतात, मग भोक पाडणं बरं दिसत नाही. शनिवारी दुपार बंद. शनिवार सकाळ उरली, तर खालच्या आजींकडे पाहुणे. पुढच्या शनिवारी घरमालकाचं उत्तर आलेलं नव्हतं, कारण भोकाला त्यांची परवानगी लागते, पत्राने. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस होता. पावसाचा ड्रिलशी काही संबंध नाही, पण तोवर प्रसादचा धीर संपला होता. अखेर फळी लागली तेव्हा तो पाणसळ घेऊन तिच्यासमोर इतका वेळ उभा होता की ओवीने त्याचा फोटो तुला पाठवला. आई, त्या फोटोत तो आजारी नाही. तो बुडबुडा मध्ये येतोय का ते बघतोय.

पहिली लाखेची तबकडी लावली त्या संध्याकाळी खालच्या आजी वर आल्या. मला वाटलं, आलं बोलावणं. त्या दारातच नाक वर करून उभ्या राहिल्या. काय तळताय, त्यांनी विचारलं, इतका वेळ चरचर ऐकू येतेय आणि वास कसा येत नाही? आत नेऊन दाखवलं. त्यांनी खाँसाहेबांची एक अख्खी बाजू उभ्याने ऐकली, म्हणजे तीन मिनिटं. नंतर म्हणाल्या, आवाज ठीक आहे, पण दहाच्या आत.

अण्णा, सूर मिळवायचा कार्यक्रम तुम्हाला माहीतच आहे, तरी आईसाठी लिहिते, ती आत पोळ्या करत होती. या तबकड्यांवर ७८ लिहिलं असलं तरी सगळ्या काही ७८ वर घेतलेल्या नसायच्या, जुन्या तर सत्तरपासून वर कुठेही. या यंत्राला वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी आहे. इकडे प्रसादचं बोट पट्टीवर, तिकडे तुम्ही फोनसमोर पेटी घेऊन. "चढलंय. उतरव. अरे एवढं नको, माणूस झोपला. हां. आता बोलले बघ." प्रसादचा तक्ता त्या वेळी कुठे होता कोण जाणे. तुमच्यासमोर तो "हो अण्णा" शिवाय काही बोलला नाही, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, त्यांना कळतं कसं?

मग किशोरीताई लावल्या. द्रुत सुरू झाल्यावर थोड्या वेळाने जो टक् येतो, दादाने कॅरमचा स्ट्रायकर टाकला होता तिथला, तो जागच्या जागी आला. नवं यंत्र, नवी सुई, तरी आला. कॉलेजात असताना मैत्रिणीकडे हीच रेकॉर्ड ऐकली होती, तिथं टक् नव्हता आणि माझी समच चुकली होती. इथं ओवीने विचारलं, "हे बिघडलंय का?" मी नाही म्हटलं आणि आत जाऊन कांदा चिरायला घेतला. प्रसाद मागोमाग आला आणि म्हणाला, आज तर दुधी आहे ना? काही नवरे फार बारकाईने स्वयंपाक बघतात.

अण्णा, एक विचारायचं होतं, फोनवर आई असते म्हणून विचारलं नाही. तुम्ही सगळ्याच कशा पाठवल्यात? एकसुद्धा ठेवली नाहीत. आई म्हणते, संध्याकाळी टीव्ही चालू असतो आणि तुम्ही गॅलरीत बसता. वहिनीला कपाटाच्या जागी फ्रिज हवा होता हे मला माहीत आहे आणि तिचं काही चुकलं नाही, जुना फ्रिज रात्री ओरडायचा तो मीही ऐकलाय. पण चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, फिएस्टा बंद पडला म्हणून पाठवतो. फिएस्टा मी सातवीत असतानाही बंद पडला होता. तेव्हा तुम्ही तो जेवणाच्या ताटाशेजारी उघडून बसला होतात, आणि आई ओरडत होती, आणि तो लागला. मग आताच का नाही उघडलात?

उत्तर पत्राने नको. दादाच्या मेलवर व्हिसाची कागदपत्रं पाठवली आहेत. त्याला ती छापायला सांगा आणि सही करून द्या. इथं उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि गाण्यालाही दहापर्यंतच परवानगी आहे, तेव्हा तुमचं वेळापत्रक आपोआप जमतं. निम्म्या कव्हरांवर तुम्ही पेन्सिलीने काय खरडलंय ते मला लागत नाही. एकावर नुसतं "सौ.ला न सांगता" असं आहे. आई, ती कुठली ते मी समोरासमोर सांगेन.

ओवीला पोहण्याच्या क्लासला सोडायचंय, थांबते. वहिनीला सांगा, नव्या फ्रिजचा फोटो मिळाला, छान आहे, पण त्याच्यावर लावलेल्या माझ्या फोटोत मी कुणाच्या लग्नातली आहे? ती साडी माझी नाही.

तुमची
नीलू

ता. क. पिंट्याचं बेळगावच्या मुलीशी जमलं का, ते कुणीच नीट सांगत नाही. मुलीचा पगार त्याच्याहून जास्त आहे म्हणून आत्या घोळ घालत असेल तर तिला सांग, तो जन्मभर टॉवेल वाळत घालायला मोकळा राहील. जमलं असेल तर कुंदा मागवा. दुधाचं इथं आणू देत नाहीत, माझ्या वाटचा तुम्हीच खा. जमलं नसेल तरी मागवा, एवढ्या ओळखीवर कुंदा मिळायला हरकत नाही.